उजवीकडे न वळणारी बोट

१२ मे
डॉक्टरीणबाईंनी ही वही रक्तदाब लिहायला दिली. सकाळी एक आकडा, संध्याकाळी एक, बाकी काही नको म्हणाल्या. पण पान भलतंच मोठं आहे, आणि चौतीस वर्षं बालिकची ते काराकोल बस चालवलेल्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही. सकाळी १३५/८५. संध्याकाळचा घेतला नाही, कारण दुपारी उमसुनाय-एजे आली होती.

एजे माझी थोरली बहीण. वयाने तीन वर्षांनी मोठी, बोलण्यात तीस. माझी बायको रापिया हिने चहा पुढे ठेवायच्या आत म्हणाली, "बेर्दी, बोट बाहेर काढायची आहे."

"गिऱ्हाईक मिळालं वाटतं?"

"विकायची नाही. चालवायची आहे."

"कोण चालवणार?"

"मी."

चुलीपाशी रापिया हसली. मला वाटलं एजेला हसली. नंतर विचारलं तर म्हणे, तुमच्या तोंडाकडे बघून.

बोट जेकशेनची. एजेचा नवरा, आम्ही त्याला जेज्दे म्हणायचो. उन्हाळ्यात सुट्टीला आलेल्या लोकांना तळ्यात फेरी मारून आणायचा. चार वर्षांपूर्वी गेला. त्याच्या आजारपणात बोट ट्रॅक्टरने ओढून एजेच्या गोठ्यात मीच ठेवली. गोठ्याचं दार लागेना, तेव्हा बोटीचं पंख्याचं शेपूट पार एका बाजूला वळवून दार लावलं. तेव्हा सगळ्यांनी माझ्या डोक्याची तारीफ केली होती.

"बाकीचं मी बघते," एजे म्हणाली. "स्टेअरिंग तू बघ. पॉवर स्टेअरिंग आहे, तुझ्या बससारखं."

"बसचं स्टेअरिंग मी डोळे मिटून दुरुस्त करीन."

"डोळे उघडून बघ," म्हणाली आणि तळलेल्या कणकेचा दुसरा बोरसोक तोंडात टाकला.

१४ मे
ताडपत्री काढली. आत कोंबडीने अंडी घातली होती, ती एजेने ओच्यात घेतली. गाय आमच्याकडे बघत रवंथ करत होती. मी चाक धरलं. डावीकडे ते आधीच टेकलेलं. उजवीकडे फिरवायला गेलो तर दोन बोटं सरकलं आणि थांबलं.

"जोर लावू नकोस," एजे म्हणाली. "अशी यंत्रं जोर लावून मोडतात."

मी सांगितलं की इंजिन बंद असताना पॉवर स्टेअरिंग जड असतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

"मी कुठे घाबरले?" ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

१५०/९०.

१९ मे
मागे नळीने पाणी लावून इंजिन चालू केलं. बोटीचं इंजिन कोरडं चालवलं तर जळतं, हे एजेनेच सांगितलं. मला माहीत होतं, फक्त आठवलं नव्हतं. पंपाचं झाकण उघडून बघितलं तर तेल खाली गेलेलं आणि दुधासारखं फेसाळलेलं. म्हणजे हवा शिरली आहे. बसलाही असंच व्हायचं. तेल भरलं आणि इंजिन मंद ठेवून चाक हळूहळू फिरवत हवा काढली. फेस गेला. पंपाचं कण्हणंही थांबलं.

डावीकडे चाक लोण्यासारखं फिरतं. उजवीकडे फिरवलं तर गाढव.

रापिया जेवण घेऊन आली होती. ती बोटीच्या मागे गेली, वाकली आणि म्हणाली, "अहो, हा इथला दांडा चहासारखा तांबूस झालाय. माझ्या शिवणयंत्राचा असाच अडकला होता."

मी तिला समजावलं की शिवणयंत्र वेगळं आणि दाबाच्या तेलावर चालणारं यंत्र वेगळं. तिने ऐकून घेतलं. पंप खराब आहे असा माझा निष्कर्ष.

२४ मे
पंप खोलला. पंप उत्तम आहे.

२६ मे
पंप परत बसवला. एक वायसर उरला. तो कुठला, याचा विचार चालू आहे. १५५/९५.

२८ मे
रापिया म्हणते, तुम्ही काम लांबवताय. मी म्हटलं, सुरक्षिततेची बाब आहे, घाई करून चालत नाही. "पाण्यात बसायची वेळ येईल म्हणून तर नाही ना?" तिने विचारलं.

पाण्याचं मला काही नाही, हे इथे लिहून ठेवतो. इसिक-कुल तळ्याच्या काठावरच जन्म गेला. काठावरून ते जास्त चांगलं दिसतं, एवढंच माझं मत आहे. आत गेल्यावर माणसाला फक्त पाणी दिसतं. पोहायला शिकलो नाही, कारण बसमध्ये त्याची गरज पडली नाही.

३ जून
आज रापियाने भांडी घासता घासता सांगितलं, मला वाटलं होतं तुम्हाला माहीत असेल. एजेचा मुलगा एलदार तिला तिकडे परदेशात, नोवोसिबिर्स्कला बोलावतोय. नवव्या मजल्यावरचं घर आहे, खाली दुकान आहे, हिवाळ्यात आपोआप गरम होतं. एजेने त्याला सांगितलंय की बोट चालली तर मी राहते, नाही चालली तर ऑगस्टमध्ये घर बंद करून येते. बोट चालवायचा परवानाही तिने मार्चमध्ये चोल्पोन-आताला जाऊन परीक्षा देऊन काढलाय. आम्हाला सांगितलं होतं की दात दाखवायला जाते.

तिचं आयुष्य आहे. तिने ठरवावं. मला काय. नवव्या मजल्यावर हवाही चांगली असणार.

रक्तदाब घ्यायचा राहिला.

४ जून
पहाटे पाचला गोठ्यात गेलो. झोप येत नव्हती आणि उजाडलं होतं, म्हणून.

रापियाने दाखवलेला दांडा बघितला. चाकापासून एक जाड पोलादी तार नळीतून मागे येते. तिच्या टोकाला हा दांडा. तो एका नळकांड्यात आतबाहेर सरकतो आणि बोटीचं शेपूट वळवतो. दांडा पूर्ण आत असता तर कोरडा, वंगणात राहिला असता. पण तो पूर्ण बाहेर होता. गोठ्याची ओल आणि गाईच्या मुताची वाफ चार हिवाळे त्याच्यावर बसलेली. गंजाचे फोड आलेत. बाहेरच्या बाजूला तो सुखाने जातो. आत ओढला की फोड अडकतात. डावीकडे लोणी आणि उजवीकडे गाढव, ते यामुळे. पंप बिचारा निर्दोष.

दांडा बाहेर का राहिला? शेपूट एका बाजूला वळवलेलं होतं म्हणून.

शेपूट कुणी वळवलं, हे याच वहीत चार पानं मागे लिहिलेलं आहे. तारीफ केली होती म्हणून.

५ जून
एजेला सांगितलं की दमट हवेमुळे तार गेली.

"हो," ती म्हणाली.

"दमट हवेचा काही भरवसा नसतो."

"नसतो."

मग तिने आयरानचा, आमच्या खारट ताकाचा, पेला माझ्यापुढे ठेवला. "दार लागेना म्हणून तू शेपूट वळवलंस. मी चहा घेऊन मागेच उभी होते. जेकशेन खिडकीतून बघत होता. म्हणाला, अगं, त्याला सांग दांडा बाहेर राहतोय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तो दुखण्याने घामाघूम झाला होता, तू बोट ओढून. म्हटलं वसंतात काढूच बाहेर." तिने पेला माझ्याकडे आणखी सरकवला. "पुढे वसंतात मला ती बोट बघायचीच नव्हती. अडकली तर अडकू दे म्हटलं."

माफ कर म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. "पंपाचा एक वायसर उरलाय." ती म्हणाली, "तो माझ्या कपाटाच्या बिजागरीचा आहे. महिनाभर शोधतेय."

७ जून
तारेवरचा आकडा एजेने चष्मा लावून वाचला. नवी तार आल्माटीहून मागवायची. रापियाच्या भाच्याची ओळख आहे, मिनीबसने पाठवेल. तोवर काम नाही.

काम नसलं की डोकं भलतीकडे जातं. जेज्दे दर उन्हाळ्यात विचारायचा, "बेर्दी, एक फेरी तरी मार माझ्याबरोबर." बारा उन्हाळे विचारलं. मी म्हणायचो, ड्यूटी आहे. ड्यूटी नसेल तेव्हा म्हणायचो, गुडघा दुखतोय. एकदा तर म्हणालो, तू पुढे हो, मी काठावरून इंजिनाचा आवाज ऐकतो, काठावरून दोष जास्त चांगला कळतो. खरोखरच काठावर उभा राहून ऐकलं आणि सांगितलं की आवाज बरा आहे. त्याने तिथूनच टोपी काढून मला सलाम केला.

त्याच्या शेवटच्या शरद ऋतूत तो बस थांब्यावर आला होता. अंगातला कोट दोन मापं मोठा झालेला. म्हणाला, "या रविवारी वारा नाही." मी म्हटलं, बघू. रविवारी खरंच वारा नव्हता. मी घरी बसून बुटांना पॉलिश केलं. चार जोड.

१४५/९०.

१८ जून
तार आली. जर्दाळूच्या खोक्यात घालून, वर खरोखरचे जर्दाळू. ते भाच्याने आपणहून पाठवलेत असं रापिया म्हणते. तार बसवायला मला सगळा दिवस लागला. एजेने नळकांडं आतून घासून ग्रीस भरलं, मी दांडा घातला. चाक फिरवलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एका बोटाने फिरतं. एजे बराच वेळ फिरवतच बसली. मी म्हटलं, पुरे, चक्कर येईल. ती गाईच्या पाठीवर थाप मारून बाहेर निघून गेली. डोळ्यात गवताचा कण गेला असावा. गोठ्यात उडतात.

२१ जून
शेवटची तपासणी. तेलाची पातळी बरोबर, नळ्या कोरड्या, इंजिन गरम करून पुन्हा बघितली. पंप फिरवणाऱ्या पट्ट्यावर अंगठा दाबला, बसच्या पट्ट्याइतकाच खाली जातो. एजेने विचारलं, "पट्ट्याची आतली बाजू बघितलीस?"

"बघितली."

आतली बाजू बघायची तर इंजिन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत डोकं घालावं लागतं, आणि मग पोट कुठे ठेवायचं हा प्रश्न येतो. बाहेरची बाजू चांगली आहे, म्हणजे आतलीही असणार. पट्टा एकच असतो.

१ जुलै
हात वर होत नाहीत. पेन टेबलावर टेकवून लिहितोय. पण लिहिणं भाग आहे.

सकाळी ट्रॅक्टरने बोट पाण्यात सोडली. एजेने डोक्याला पांढरा रुमाल बांधला होता. चाक दोन्हीकडे फिरवून बघितलं, शेपूट मागे ऐकत होतं. मी धक्क्यावर उभा होतो. "चल," ती म्हणाली.

"मी इथून आवाज ऐकतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. इंजिन चालू, दोरी सुटलेली, बोट हातभर लांब. रापियाने मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. ढकललं नाही असं ती म्हणते. मी बोटीत होतो.

अर्धा तास बरं गेलं. मी समोरच्या डोंगरांकडे बघत होतो, ते स्थिर होते. मग पश्चिमेकडून वारा उठला. आमच्याकडे त्याला उलान म्हणतात, तो आधी विचारून येत नाही. पाणी काळपट झालं, लाटा बाजूने मारू लागल्या. एजेने बोट गावाकडे वळवायला घेतली आणि इंजिनात कुणी मुस्काटात मारल्यासारखा फटका वाजला. चाक तिच्या हातात दगड झालं.

मला लगेच कळलं. पट्टा तुटला होता. तुटलेला तुकडा बाहेर आला, आतल्या बाजूला नखभर खोल भेगा. इंजिन चालत होतं, पण पंप बंद. म्हणजे चाक नुसत्या हातांनी ओढायचं.

एजेचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी बर्फावर पडून निखळला होता. तिने दोनदा ओढून बघितलं. मग म्हणाली, "बेर्दी, हे माझ्याच्याने होत नाही."

त्रेसष्ट वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. वाऱ्यापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली.

मी चाक घेतलं. माझी पहिली बस त्र्याऐंशी सालची, तिला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. खच्चून भरलेली बस घाटात वळवायची तर दंडाने नाही, पाठीने ओढायची. पाय रोवायचे, चाकावर रेलायचं, आणि गाडी स्वतः वळायला बघते त्या क्षणाला तिला मदत करायची. ते शरीराला आठवत होतं. फक्त खालचा रस्ता हलत होता.

"लाटा मी सांगते," एजे म्हणाली. "तू पाण्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ." ती माझ्यासमोर बाकाला धरून बसली. "थांब. थांब. आता ओढ. सोड. थांब. आता."

एका वळणाला दहा-बारा 'आता' लागले असतील. बोट वळली आणि गाव समोर आलं, मुठीएवढं.

वाटेत माझे दात वाजत होते. थंडीने. एजे म्हणाली, "जेकशेनला पोहता येत नव्हतं. तुला माहीत आहे?"

मी म्हटलं, काहीतरीच सांगू नकोस.

"पहिल्या वर्षी तर धक्का सुटला की त्याचे ओठ पांढरे व्हायचे. लोकांना वाटायचं पाण्यातच जन्मलाय. म्हणून तुला बोलवायचा. म्हणायचा, तो बेर्दी माझ्याइतकाच घाबरतो. दोन घाबरट शेजारी बसले की दोघांची भीती निम्मी होते."

"मला वाटायचं तो मला चिडवतोय."

"चिडवतही होता," एजे म्हणाली. "थांब. आता ओढ."

ओढलं. मग लाट नसताना मी तिला सांगितलं की त्या रविवारी मला ड्यूटी नव्हती. गुडघाही बरा होता. ती म्हणाली, "त्यालाही माहीत होतं. दुपारपर्यंत धक्क्यावर बसला, मग घरी आला आणि मासे तळून दे म्हणाला. चांगले चार खाल्ले. तुझ्या नावाने दोन जास्त."

मी रडलो, हे इथे लिहितो. वारा तोंडावर होता, त्यामुळे कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

धक्क्यावर रापियाने विचारलं, तोंड असं का दिसतंय? एजे म्हणाली, "ऊन लागलं असेल. पट्टा तुटला होता, याने बोट आणली." एवढंच बोलली आणि दोरी बांधायला गेली.

२ जुलै
रापियाने शर्टाची बटणं लावून दिली. चमचाही तिनेच धरला असता, पण मी नाही म्हटलं. आयरान पेल्याने पितात. १३०/८०, यंत्र बिघडलं असावं.

४ जुलै
एजे सकाळी नवा पट्टा घेऊन आली. मी तिला म्हणालो, "त्या दिवशी मी आतली बाजू बघितली नव्हती."

"माहीत आहे. पोट आडवं आलं असेल."

"आणि शेपूट वळवलं त्याबद्दल..."

"बेर्दी, पट्टा लाव. दहा वाजता माणसं येणार आहेत."

पट्टा लावला. मग फटीत डोकं घालून आतली बाजू बघितली. पोटाला खरचटलं. एजेने माझे पाय धरून मला बाहेर ओढलं, तेव्हा धक्क्यावरच्या बायका हसत होत्या. रापिया सगळ्यात जास्त.

मी पाना पुसत असताना एजे फोनवर एलदारशी बोलत होती. "नाही रे, ऑगस्टमध्ये कसं जमेल? हंगाम असतो. तूच ये पोरांना घेऊन. नवव्या मजल्यावरून काय दिसतं तुला?" तिकडून तो बराच वेळ बोलत राहिला. तिने फोन कानापासून लांब धरला आणि मला डोळा मारला.

सात जण आले, कारागांदाकडचं कुटुंब. बाई, तिची आई, मुलं, सगळी भराभर चढली. बाईचा नवरा मात्र धक्क्यावरच थांबला. आडदांड माणूस, मान बैलासारखी. खिशातून फोन काढून म्हणाला, "तुम्ही जाऊन या. मी इथून फोटो काढतो. काठावरून फोटो जास्त चांगला येतो."

त्याच्या बायकोने तोंड वाकडं केलं. एजेने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी तोपर्यंत धक्क्यावरच होतो, दोरी हातात.

मी बोटीत उतरलो, मागच्या बाकावर बसलो आणि सरकून शेजारी जागा केली. "काठावरचे फोटो मी बारा वर्षं बघितलेत," मी त्याला म्हटलं. "त्यात काही नसतं. या, इथे बसा."

तो आला. एजेने बोट सोडली आणि उजवीकडे वळवली. वळताना त्याने माझी बाही घट्ट धरली. मी सोडवली नाही.